मधुमेही मुलांचे हृदय आणि विभागाची वही

प्रश्न : मी एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात सहयोगी प्राध्यापक आहे. यंदा प्रथमच दोन पदव्युत्तर विद्यार्थी माझ्याकडे प्रबंधासाठी आले आहेत. आमच्याकडे टाइप १ मधुमेहाची (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, अशी) साठेक मुले-मुली नियमित येतात आणि त्यांना पुढे होऊ शकणारा हृदयविकार टाळण्याविषयी काम व्हावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु मानेतील रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) भिंतीची जाडी मोजून हा धोका आधीच सुचवणारी सोनोग्राफी आम्हांला हवी तेव्हा मिळत नाही, या वयात हृदयविकाराचे झटके येत नाहीत आणि विद्यार्थ्यांच्या हाती जेमतेम दीड वर्ष आहे. त्यांना कोणता विषय द्यावा? (बीड जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘विषय द्यावा’ हे शब्द मला किंचित खटकले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. विषय देऊ नका. दोघांना दोन आठवडे मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात केस-पेपर लिहिण्याचे काम न देता नुसते बसवा, आलेल्या प्रत्येक मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी बोलायला लावा आणि नंतर प्रत्येकाकडून पाच प्रश्न लिहून घ्या. त्यांतील चार प्रश्न एवढे मोठे असतील की त्यांना एक आयुष्य पुरणार नाही. पाचवा कापून, तासून दीड वर्षात बसवणे हे मार्गदर्शकाचे खरे काम आहे, आणि ते विद्यार्थ्यासमोर करावे, म्हणजे पुढच्या वेळी त्याला ते स्वतः करता येते.

झटके येत नाहीत ही अडचण नव्हे, हा या विषयाचा स्वभावच आहे. अमेरिका व कॅनडातील डीसीसीटी या अभ्यासात १३ ते ३९ वर्षे वयाचे टाइप १ मधुमेहाचे १,४४१ रुग्ण १९८३ ते १९९३ या काळात होते. काहींची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, तर बाकीच्यांवर त्या काळचे नेहमीचे उपचार झाले. अभ्यास संपला तेव्हा डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचा फायदा दिसला, पण हृदयाबाबत निश्चित काही सांगता येत नव्हते. त्याच रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला म्हणूनच २००५ साली असे दिसले की, काटेकोर उपचार मिळालेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. साखरेवरचे काटेकोर नियंत्रण सरासरी साडेसहा वर्षांचे होते, फळ दिसायला दोन दशके लागली. पहिल्या दिवशी रक्ताची नळी भरणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी कितीजण तोवर त्या कामावर राहिले असतील, याचा विचार आपल्या विद्यार्थ्यांना करायला सांगा. दुसऱ्या बाजूने पाहिले तर स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदवहीवर आधारित २०१८ सालचा अभ्यास सांगतो की, वयाच्या दहा वर्षांच्या आत टाइप १ मधुमेह झालेल्या स्त्रियांचे आयुर्मान सरासरी १७.७ वर्षांनी आणि पुरुषांचे १४.२ वर्षांनी घटलेले आढळले. म्हणजे आज आपल्यासमोर बसलेली नऊ वर्षांची मुलगी हीच हृदयविकार टाळण्याची योग्य वेळ आहे.

मग मोजायचे काय? रक्तदाब, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लघवीतील अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा होऊ लागल्यावर लघवीत उतरणारे प्रथिन), वजन-उंची, तंबाखूचा वापर आणि एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी). यांपैकी एकालाही मानेची सोनोग्राफी लागत नाही. मात्र साधी मोजमापेच सर्वांत जास्त चुकतात, आणि येथे मार्गदर्शकाने हट्टी असावे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वहीत रक्तदाबाचे बहुतेक आकडे शून्याने संपत होते, आणि अर्ध्याअधिक पानांवर १२०/८० लिहिले होते. मी त्याला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांचा रक्तदाब आम्ही दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजला. मूल पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला टेकू असावा, हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, दंडाच्या मापाचाच असावा, कारण लहान कफ खोटा जास्त आकडा दाखवतो. एवढ्याने त्याची वही पालटली. एचबीएवनसीबद्दल आपल्या भागात आणखी एक सावधगिरी घ्यायला हवी. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय (ॲनिमिया) झालेल्या किशोरवयीन मुलींमध्ये हा आकडा साखरेच्या मानाने जास्त येऊ शकतो. म्हणून हिमोग्लोबिन न पाहता त्यावर निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला तिथेच थांबवा.

साठ मुलांवर एखाद्या औषधाचा परिणाम सिद्ध करण्याच्या फंदात पडू नये. एडीडीआयटी (AdDIT) या अभ्यासात टाइप १ मधुमेहाची ४४३ किशोरवयीन मुले होती. त्यात रक्तदाबाचे एसीई इनहिबिटर आणि कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन या दोन्ही औषधांनी लघवीतील अल्ब्युमिनवर अपेक्षित परिणाम दाखवला नाही. तरीही २०१७ साली हे निष्कर्ष जगातील एका अग्रगण्य नियतकालिकाने छापले. ‘काहीच निघाले नाही’ म्हणून तोंड पाडून येणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे उदाहरण नेहमी सांगतो.

आपल्या जिल्ह्यात मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न वेगळाच आहे. दसऱ्याच्या आसपास ऊसतोडणीचे कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) बाहेर पडतात आणि गुढीपाडव्यापर्यंत परत येत नाहीत. त्या कुटुंबातील मधुमेही मुलाचे या पाच-सहा महिन्यांत काय होते? इन्सुलिन कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) मडक्यात ठेवतात का, सुया कोण आणून देते, तपासणी किती वेळा चुकते आणि परतल्यावर त्याचा रक्तदाब व एचबीएवनसी काय असतात? जाण्यापूर्वी एक तपासणी, परतल्यावर एक, आणि मधे मुकादमाच्या नव्हे, मुलाच्या आईच्या मोबाईलवर फोन, एवढा आराखडा दीड वर्षात बसतो. हे काम दुसऱ्या देशातले कोणी येऊन करणार नाही.

शेवटचा मुद्दा वहीचा. विद्यार्थी प्रबंध सादर करून निघून जातो आणि त्याचे तक्ते त्याच्या लॅपटॉपबरोबर जातात, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पहिल्याच दिवशी ठरवा की नोंदवही विभागाची असेल. प्रत्येक तपासणी कशी केली ते तिच्या पहिल्या पानावर लिहिलेले असेल, मुलांची नावे वेगळ्या कुलुपात राहतील आणि पुढच्या तुकडीचा विद्यार्थी त्याच साठ मुलांची पुढील मोजमापे त्याच पद्धतीने घेईल. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आणि पालकांची संमतीही सुरुवातीलाच दीर्घ पाठपुराव्याची घ्यावी लागते, हे विसरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदरपणातील पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत चालू राहिला. महाराष्ट्रातील खेड्यांत हे शक्य आहे, याचा यापेक्षा चांगला दाखला मला देता येणार नाही.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी अर्ज करायचा आहे आणि टाइप २ मधुमेहाच्या (इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, अशा) तरुणांवर काम करायचे आहे. माझे गाइड म्हणतात, ‘जुन्या एखाद्या प्रकल्पाचे नाव बदलून दे.’ मी काय करू? (नांदेड)

उत्तर : गाइडशी वाद घालू नका, परंतु नाव बदललेला प्रकल्पही देऊ नका. या योजनेतील प्रत्यक्ष कामाची मुदत दोन महिन्यांची असते. दोन महिन्यांत विशी-पंचविशीतील मधुमेही तरुणांचा रक्तदाब नीट मोजणे आणि त्यांना तंबाखू, मिश्री व गुटख्याबद्दल नेमके प्रश्न विचारणे होऊ शकते, त्याहून अधिक क्वचितच. विषय किरकोळ वाटत असेल तर अमेरिकेतील टुडे अभ्यासाचा आकडा लक्षात ठेवा. १० ते १७ वर्षे वयात टाइप २ मधुमेह असलेल्या मुलांचा पाठपुरावा सरासरी २६ वर्षे वयापर्यंत झाला, तेव्हा उच्च रक्तदाबाचे एकत्रित प्रमाण ६७.५ टक्के होते. आपल्या जिल्ह्यात किती आहे, हे विचारण्यात कमीपणा नाही. एका पानावर प्रश्न, मोजण्याची पद्धत आणि रुग्ण कुठून मिळतील एवढे लिहून गाइडपुढे ठेवा. कोरे मत मागणाऱ्या विद्यार्थ्याला वेळ न देणारे प्राध्यापक लिहिलेला कागद मात्र लाल शाईने दुरुस्त करून देतात, असा माझा अनुभव आहे. तरीही जमले नाही, तर सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचे दार ठोठवा.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दवाखान्यातील शिकाऊ डॉक्टर तिला हृदयाच्या अभ्यासात घ्या म्हणतात. आम्ही शेतकरी माणसे, आम्हांला भीती वाटते. नाही म्हटले तर उपचार बंद होतील का? (हिंगोली)

उत्तर : दादा, उपचार बंद होऊ शकत नाहीत. अभ्यासात येणे किंवा न येणे पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे, आणि आल्यानंतरही कधीही कारण न सांगता बाहेर पडता येते. संमतीचा कागद मराठीत मागा आणि तो डॉक्टरांकडून वाचून घ्या. तुमच्या सहीबरोबरच मुलीचे स्वतःचे ‘हो’ही लागते, त्यामुळे तिच्यासमोरच सगळे विचारा. किती वेळा रक्त काढणार, त्याचा खर्च कोण देणार, गाडीभाड्याचे काय आणि तपासणीचा अहवाल आमच्या हाती मिळणार का? रक्तदाब वा कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले तर उपचार कोण सुरू करणार, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे शिकाऊ डॉक्टरांना देता आली नाहीत, तर त्यांच्या वरिष्ठांना भेटायचे आहे असे सांगा. त्यात त्यांचा अपमान होत नाही. मुलीची नेहमीची वही, इन्सुलिनचे डोस आणि साखरेचे आकडे घेऊनच जा, कारण अभ्यासात यायचे ठरले किंवा नाही ठरले, तरी या खेपेला तिचा रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यायलाच हवे.