वाचकांचे प्रश्न : कॉन्स्टेबलचं आभाळ

प्रश्न : इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने ढगांचे अभ्यास, म्हणजे सरावाची छोटी चित्रं, उघड्यावर, तैलरंगात केले असं वाचलं. तेव्हा तर रंगाच्या ट्यूब नव्हत्या. मग जमवलं कसं? तसा सराव आज कसा करावा?

उत्तर : पत्र्याची ट्यूब निघाली १८४१ मध्ये, कॉन्स्टेबल १८३७ मध्येच वारला. त्याच्या काळी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत भरून तोंड दोऱ्याने आवळत. रंग हवा तेव्हा पिशवीला टोचून भोक पाडायचं, दाबून रंग काढायचा आणि भोकात खिळा खुपसायचा. बूच कधीच पक्कं बसत नसे. रंग आत सुकायचा, पिशवी फुटायचीही. कॅनव्हासचाही व्याप नको म्हणून कागद रंगपेटीच्या झाकणाला टाचायचा आणि पेटी मांडीवर घ्यायची. टाचण्यांची भोकं काही कागदांच्या कोपऱ्यांत अजून दिसतात.

ढगांचे बरेचसे अभ्यास १८२१ आणि १८२२ मधले, लंडनच्या उत्तरेकडच्या हॅम्पस्टेडचे. कित्येकांचा आकार साधारण २५ बाय ३० सेंटिमीटर. एकाच्या मागची नोंद अशी : ११ सप्टेंबर १८२१, सकाळी १० ते ११, ढग रुपेरी करडे, उकाडा, हलका नैर्ऋत्य वारा, दिवसभर उघडीप, रात्री पाऊस. म्हणजे शेवटचे शब्द चित्र संपल्यावर लिहिलेले. ही सवय जरूर उचला. तारीख आणि वेळ लिहिलेली असली की सूर्य कुठे होता ते कळतं. नाहीतर पुढे हाच ढग मोठ्या चित्रात घेताना आभाळात उजेड डावीकडून आणि झाडांवर उजवीकडून, असा घोळ होतो. आकाश हाच निसर्गातल्या प्रकाशाचा उगम, असं कॉन्स्टेबलने त्याच वर्षी जॉन फिशर या मित्राला पत्रात लिहिलं होतं.

सरावासाठी ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) जलरंगाचा जाड कागद घ्या. जेसोचे, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात द्या, एक आडवा आणि तो वाळला की दुसरा उभा. हा थर नसला तर तेल कागद शोषून घेतो. रंग लगेच मरगळतो आणि पुढे कागदही ठिसूळ होतो. दुसऱ्या हातात ॲक्रिलिकचा बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग चिमूटभर मिसळा. कॉन्स्टेबलही बऱ्याचदा तांबूस-तपकिरी अस्तर वापरायचा आणि जागोजागी ते उघडं सोडायचा. निम्मी ऊब तिथूनच येते.

प्रश्न : माझे ढग दरवेळी मळकट होतात. कोणता निळा वापरू?

उत्तर : दोष निळ्याचा नसावा, क्रमाचा असतो. आधी ढगांच्या फटींतलं निळं, मग सावलीचं करडं, उजेडाची कड सगळ्यात शेवटी, आणि ती जाड पांढऱ्याने, एका फटकाऱ्यात. ओल्या करड्यावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवला की खालचा रंग उपटून वर येतो. दर फटकाऱ्याला ब्रश चिंधीला पुसा. करड्यासाठी काळा नकोच. कोबाल्ट निळा आणि लाइट रेड (मातकट लाल) पुरतात. आजचं टायटॅनियम पांढरं जुन्या शिशाच्या पांढऱ्यापेक्षा थंड आणि जोरकस असतं, तेव्हा त्यात कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. जास्त घातलंत आणि ते निळ्यात गेलं, तर आभाळ हिरवट दिसेल.

प्रश्न : चित्रातलं एक झाड वरून आभाळ रंगवून झाकलं होतं, ते वर्षभरात पुन्हा दिसू लागलं. रंग भेसळीचा होता का?

उत्तर : नसावा. तैलरंगाचा थर वयाबरोबर पारदर्शक होत जातो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या ‘द हे वेन’ (१८२१) या चित्रात कॉन्स्टेबलने रंगवून झाकलेल्या पिंपाचा आकार आज पुसटसा दिसतो. तुमच्याकडे मात्र हे वर्षात झालंय, म्हणजे वरचा थर पातळ पडला किंवा खालचं झाड फार गडद होतं. झाकण्याआधी ओला रंग सुरीने खरवडून काढा. वाळला असेल तर बारीक पॉलिश पेपरने, तेही ओला करून आणि मास्क लावून, कडा सपाट करा. मग आधी अपारदर्शक फिकट रंगाचा हात द्या, तो सुकला की वर आभाळ रंगवा.