कॅमेऱ्यावरचा पंचा

प्रश्न : मी २०१८ पासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. वय ३९. आई-बाबा सांगलीत, दोघंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा दोन दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. मी इथे पुराचे व्हिडिओ बघत बसलो होतो. पुढच्या सुट्टीत जाऊन हॉलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाय-फाय कॅमेरे लावले. एकदा आई स्टुलावर चढताना दिसली म्हणून कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून ओरडलो, तर तिला राग आला. आता हॉलमधल्या कॅमेऱ्यावर बाबांचा पंचा टाकलेला असतो. मागच्या आठवड्यात बाबांनी राउटरच बंद ठेवला. विचारलं तर म्हणे, 'लाइट गेली होती.' शेजारी म्हणाले, लाइट होती. मी हे सगळं त्यांच्यासाठीच करतो ना?

उत्तर : पुराचे ते दोन दिवस तुमच्या मनातून गेलेले नाहीत, हे तुमच्या पत्रातच दिसतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. पण पुरात आधी वीज जाते, तिच्यामागोमाग राउटर. तेव्हा कॅमेरा असता तरी तुम्हाला काळा पडदाच दिसला असता. म्हणजे तुम्ही उपाय केलात तो तुमच्या काळजीवर. पुरावर नाही.

आता तुमच्या आईच्या जागी उभे राहा. दुपारची वेळ, घरात कोणी नाही, बाई माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि छतातून आवाज आला, 'आई, उतर खाली!' अहो, माझ्यासारखी धडधाकट बाईसुद्धा पडली असती. राग आला म्हणता, तो राग नव्हे, लाज असेल. नहाणीतून केस पुसत हॉलमध्ये यायचं, पदर बाजूला टाकून पंख्याखाली बसायचं, नवऱ्यावर दोन शब्द तणतणायचं, हे सगळं स्वतःच्या घरात करताना आता वर बघून घ्यावं लागतं. शेजारची काकू दुपारी येऊन सुनेच्या तक्रारी सांगत असेल, तर तीही दारातूनच परत जात असेल. एकदा विचारून बघा, तिने शेवटचा चहा कधी घेतला.

माझा धाकटा भाऊ १९८० च्या दशकात मस्कतला होता. आई पत्राची सुरुवात 'इकडील सर्व क्षेम' अशी करायची, मग घरात कोणी तापाने फणफणलेलं का असेना. तेव्हा मला ते खोटं वाटायचं. आता कळतं, काय कळवायचं आणि काय नाही हे ठरवणं तिच्या हातात होतं. तुमच्या आई-बाबांच्या हातातून तुम्ही तेवढंच काढून घेतलंत. त्यांनी ते पंचा टाकून परत घेतलं. 'लाइट गेली होती' हे त्यांचं 'सर्व क्षेम' आहे, असं समजा आणि उलटतपासणी थांबवा. शेजाऱ्यांकडून खात्री करून घेतलीत, ते तर फारच झालं.

मला भीती वेगळीच वाटते. हल्ली म्हाताऱ्या माणसांना खोटे पोलीस व्हिडिओ कॉल करतात, 'डिजिटल अरेस्ट' केलीय म्हणून तासन्‌तास फोनसमोर बसवतात आणि खाती रिकामी करतात. अशी अटक कायद्यातच नाही, आणि पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवायचं, हे दोघांना सांगून ठेवा. पण असा फोन बाबा आतल्या खोलीत दार लावून घेतील. तुमच्या कॅमेऱ्याला ते दिसायचं नाही. मुलापासून लपवायची सवय एकदा लागली की तेही लपवतील.

तेव्हा घरातले दोन्ही कॅमेरे काढायला सांगा. स्वतः सांगा, आणि 'चुकलं माझं' हे दोन शब्द आधी म्हणा. फाटकावर एक राहू द्या, तोही बाबांना विचारून, आणि त्याचं चित्र त्यांच्याही फोनवर दिसेल असं करा. राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या, खरोखर लाइट गेली तरी फोन चालेल.

आणि बाबा घसरून पडलेच, तर? तुम्ही तिथून ११२ फिरवलंत तर फोन जर्मनीतलाच कोणीतरी उचलेल. सांगलीची १०८ तुम्हाला तिथून लागायची नाही. पाच मिनिटांत पोचेल असं माणूस गल्लीतच हवं, घराची किल्ली त्याच्याकडे हवी, आणि त्याचा, डॉक्टरांचा, औषधाच्या दुकानाचा नंबर तुमच्याकडे हवा. ज्या शेजाऱ्याला लाइटची चौकशी केलीत, त्याला पुढच्या खेपेला चितळ्यांची बाकरवडी घेऊन भेटा. मी थट्टा करत नाहीये.

राहिलं इंटरनेट. ते तुम्ही एकाच बाजूने वापरलंत. तुम्ही त्यांना दिवसभर बघता, तुम्ही त्यांना कधी दिसता? रविवारी फोन ओट्यावर टेकवून ठेवा आणि स्वयंपाक करा. बोललंच पाहिजे असं नाही. आई तिकडून सांगेल, फोडणीत हिंग आधी घाल, कांदा अजून कच्चा आहे. बाबांना खिडकीबाहेरचा बर्फ दाखवा. बघण्याची पाळी त्यांची येऊ दे.

एक लक्षात ठेवा. तुम्ही पाच वाजता कामावरून येऊन फोन करत असाल तर सांगलीत साडेआठ झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडचं घड्याळ एक तास मागे जातं, आणि तुमचे तेच पाच त्यांचे साडेनऊ होतात. हे आईला आधीच सांगा. नाहीतर ती जेवण आटपून साडेआठपासून फोन हातात घेऊन बसेल.