‘साइन्स’ (२००२) पाहून लोक इतके हळवे का होतात? मला तर फक्त पाण्याची गफलत दिसली. परत पाहावा का, आणि कसा?

आधी एक खुलासा, कारण शोधताना हा घोळ नेहमी होतो. हे विज्ञानवालं ‘सायन्स’ नव्हे, खुणा या अर्थाचं ‘साइन्स’. एम. नाइट श्यामलनचा, ऑगस्ट २००२ मध्ये आलेला, १०६ मिनिटांचा चित्रपट.

आता पाण्याचं. तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि त्यावर कथेत धड उत्तर नाही. ज्यांना पाण्यानं भाजतं ते परग्रहवासी, पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याखाली असलेल्या ग्रहावर येतात, तेही उघड्या अंगानं, रात्री दव पडणाऱ्या मक्याच्या शेतात. चाहते यावर बरेच टेकू लावतात. त्यातला सगळ्यात लोकप्रिय म्हणजे हे परग्रहवासी नसून सैतान आहेत आणि कथेतल्या धाकट्या मुलीनं, बोनं, घरभर ठेवलेले पाण्याचे पेले म्हणजे तीर्थ. ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. ते पेले कुणी मंतरलेले नाहीत. बो-ला प्रत्येक पाण्यात काहीतरी खोट दिसते, कुठे धूळ, कुठे केस, कुठे भावानं उष्टं केलेलं, म्हणून ती अर्धवट पिऊन सोडून देते, एवढंच. शिवाय त्यांना हरवण्याचा साधा उपाय मध्यपूर्वेत सापडल्याची बातमीही येते, म्हणजे हा गुण त्या एका घरातल्या पाण्याचा नाही. तेव्हा गफलत ती गफलत, सारवासारव करण्यात अर्थ नाही.

पण ज्यांना हा चित्रपट जिव्हारी लागतो, त्यांनी तो आक्रमणाचा चित्रपट म्हणून पाहिलेलाच नसतो. जगावर संकट आलंय आणि कॅमेरा पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरातून फारसा हलत नाही. सैन्य नाही, राष्ट्राध्यक्षांचं भाषण नाही, कोसळणाऱ्या इमारती नाहीत. आहेत चार माणसं. ग्रॅहम हेस (मेल गिब्सन), बायको अपघातात गेल्यावर पाद्रीपण सोडलेला. त्याचा धाकटा भाऊ मेरिल (वाकीन फीनिक्स), एकेकाळचा बेसबॉल खेळाडू, आता वहिनीमागे घर सावरायला येऊन राहिलेला. आणि ग्रॅहमची दोन मुलं: दम्याचा त्रास असलेला मॉर्गन आणि ती पाणी न संपवणारी बो. बाहेर जे काही आहे ते या घराच्या फटींतूनच आपल्याला कळतं: लहान बाळासाठीच्या जुन्या मॉनिटरवरची खरखर, कपाटात नेऊन ठेवलेला टीव्ही, छतावरची पावलं. संकटात आपलं घर कसं वागेल, हा प्रश्न ज्याच्या मनात कधी येऊन गेलाय त्याला चित्रपट तिथेच पकडतो.

चाहत्यांना विचारलं की अंगावर काटा कुठे आला, तर बहुतेक जण ब्राझीलची चित्रफीत सांगतात. पासो फुंदो गावातला मुलाचा वाढदिवस, हातातला हलता कॅमेरा, खिडकीशी किंचाळणारी पोरं, समोरची बोळ, आणि तिथून काही क्षणांत चालत जाणारी ती आकृती. ज्यांनी लहानपणी पाहिलं त्यांना ते दृश्य कायमचं चिकटलेलं असतं. ते चालतं ते मेरिलमुळे. तो टीव्हीपुढे बसून त्या पोरांना ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडतो, आणि वर एक स्पॅनिश शब्दही फेकतो, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात हे त्याच्या गावीही नसतं. आपण त्याला हसतो न हसतो तोच ती आकृती येते. हसू येतं त्याच श्वासात भीती बसवायची, ही युक्ती पूर्ण चित्रपटभर आहे. रात्री घराभोवती शिव्या देत पळायचं ठरतं आणि माजी पाद्र्याला धड शिवीच देता येत नाही, तिथेही हेच.

मात्र ‘रडू कुठे आलं’ असं विचारलं की उत्तर बदलतं. तिथे जेवणाचा प्रसंग येतो. तुम्हाला परत पाहायचा असेल तर याच प्रसंगासाठी पाहा.

खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्यात. रात्र कशी जाईल ठाऊक नाही. ग्रॅहम विचारतो, कुणाला काय खायचंय? बो-ला स्पॅगेटी, मॉर्गनला फ्रेंच टोस्ट आणि कुस्करलेला बटाटा, मेरिलला चिकन तेरियाकी, त्याला स्वतःला चीजबर्गर, वर जास्तीचं बेकन. सगळं मांडलं जातं आणि कुणी घासच उचलत नाही. मॉर्गन प्रार्थना करू या म्हणतो. बाप नाही म्हणतो. मुलगी रडायला लागते, मुलगा चिडतो, आणि हा माणूस रागानं सगळ्यांच्या ताटातलं थोडं थोडं ओढून तोंडात कोंबू लागतो. घास गिळला जात नाही, डोळ्यांतून पाणी. मग तो पोरांना जवळ ओढतो, मेरिललाही ओढतो. चौघं एकमेकांच्या अंगावर रडतायत आणि तेवढ्यात मॉनिटर खरखरतो. संवाद जेमतेम चार ओळींचे. यात ‘मी घाबरलोय’ असं कुणी म्हणत नाही. दुःख आणि भूक एकाच तोंडात कोंबलेली दिसते, एवढंच. घरात कुणी गेल्यावर पहिलं जेवण कसं होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

यानंतर छताशी, दारांशी आवाज सुरू असताना ग्रॅहम पोरांना त्यांच्या जन्माची गोष्ट सांगतो. बो जन्मली तेव्हा रडली नाही, मोठे डोळे करून सगळ्यांकडे टकामका बघत राहिली, वगैरे. दहाव्या वर्षी हा चित्रपट पाहणाऱ्याला इथे कंटाळा येतो, तोच माणूस स्वतः आई-बाप झाल्यावर इथे कोसळतो. एकाच चित्रपटाबद्दल एकाच माणसाच्या दोन वेगळ्या प्रतिक्रिया सापडतात त्या यामुळे.

मग तळघर. मॉर्गनला दम्याचा झटका येतो आणि औषध वर राहिलंय. ग्रॅहम त्याला पाठीमागून छातीशी धरतो आणि आपल्या श्वासाच्या लयीत त्याला श्वास घ्यायला लावतो. दमा असलेले प्रेक्षक हा प्रसंग खरा वाटतो असं सांगतात, आणि धीर देण्यापुरता तो खराही आहे. घाबरल्यानं श्वास उथळ आणि भरभर होतो, शांत लयीनं तो थोडा सावरतो. पण एवढ्यावर तीव्र झटका जात नाही, तिथे औषधच लागतं. चित्रपटातही सकाळी इंजेक्शन दिलं जातं, ते नजरेतून सुटू देऊ नका. शेवटी परग्रहवासी मॉर्गनवर विषारी वायू सोडतो तेव्हाचा ‘फुप्फुसं बंद होती म्हणून विष आत गेलं नाही’ हा भाग मात्र कविता समजा. दम्यात श्वासनलिका आकुंचतात, कुलूप लागल्यासारख्या बंद होत नाहीत, आणि हवा बाहेर सोडणं जास्त जड जातं.

शेवटावरचा माझा खरा आक्षेप पाण्याचा नाहीच. मरणाऱ्या बायकोचे मेरिलसाठीचे ‘जोरात फिरव’ हे शब्द, भिंतीवरची त्याची बॅट, पोरीचे पेले, पोराचा दमा, सगळं एका मिनिटात खटाखट जागेवर बसतं. ज्यांनी जवळचं माणूस गमावलंय त्यातल्या काहींना हे क्रूर वाटतं: म्हणजे ती गेली ती एक निरोप पोचवायला? काहींना त्यातच आधार सापडतो. चित्रपटानं ही दुफळी सोफ्यावरच्या संभाषणात आधीच सांगून ठेवली आहे, खुणा बघणारे आणि निव्वळ योगायोग मानणारे असे दोन प्रकारचे लोक. मी दुसऱ्या गटातला, तरी शेवटाला माफ करतो. जुळवाजुळव फार नेटकी आहे, पण गिब्सनचा चेहरा ती पेलतो.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत एक जास्तीचा पदर आहे. चित्रीकरण सुरू झालं ते सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या त्याच महिन्यात. पुढच्या वर्षी चित्रपटगृहात बसलेल्यांना ‘सगळं घर टीव्हीपुढे आणि बाहेर काय चाललंय कळत नाही’ हे दृश्य काही नवं नव्हतं.

आता कसा पाहायचा. बऱ्याच जणांना हा चित्रपट ‘संथ’ वाटतो तो टीव्हीच्या सेटिंगमुळे, हे मी जबाबदारीनं सांगतो.

आवाज आधी. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत तीन सुरांच्या एकाच आकृतीवर उभं आहे. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत ती दबकत येते आणि मग व्हायोलिनं अंगावर येतात. लोक तिथे दचकून आवाज कमी करतात आणि पुढचे दीड तास कुजबुज ऐकू येत नाही म्हणून वैतागतात. आवाज श्रेयनामावलीवर ठरवू नका. शेतात मुलं बापाशी बोलतात तो पहिला संवाद आरामात ऐकू येईल इतका ठेवा आणि मग रिमोट लांब ठेवून द्या. ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’ असली जी सोय असेल ती बंद करा. ती लहान आवाज मोठे आणि मोठे आवाज लहान करते, आणि इथे तर सगळी भीती त्या फरकातच आहे. मक्याची सळसळ, लांबचं कुत्रं, आणि मग एकदम शांतता. टीव्हीला दोनच स्पीकर असतील आणि संवाद खोल विहिरीतून आल्यासारखे वाटत असतील, तर ध्वनीचं सेटिंग ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचं) वरून स्टिरिओवर (काही ठिकाणी पीसीएम असं लिहिलेलं असतं) आणा. संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, तो नसला की ते हरवतात. कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन यापेक्षाही बरे. मोबाइलच्या स्पीकरवर पाहणार असाल तर राहू द्या.

चित्र. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट मालिकेसारखा दिसायला लागला की ब्राझीलच्या चित्रफितीचा ओबडधोबडपणा उठून दिसत नाही, सगळंच सारखं दिसतं. तळघरात दिवा फुटल्यावर पडद्यावर जवळपास काहीच नसतं, एक टॉर्च आणि आवाज. खोलीत ट्यूबलाइट असेल तर तुम्हाला तिथे तुमचंच प्रतिबिंब दिसेल. ब्राइटनेस वाढवणं हा उपाय नाही. तसं केलं की शेवटचा परग्रहवासी स्वच्छ दिसतो, आणि तो या चित्रपटाचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. टीव्हीच्या बंद पडद्यावरचं त्याचं प्रतिबिंब त्याच्यापेक्षा कितीतरी भयानक. चित्राची रुंदी उंचीच्या १.८५ पट आहे, त्यामुळे वर-खाली काळी पट्टी अगदी बारीक दिसायला हवी. जाड दिसली किंवा माणसं ताणलेली वाटली तर झूम सेटिंग बिघडलंय.

दुसऱ्यांदा पाहताना कथा माहीत असल्यानं डोळे मोकळे असतात. भिंतीवर क्रॉस काढून टाकल्यावर राहिलेला फिकट ठसा पाहा. अपघाताची रात्र एकदम न दाखवता तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकडा कुठे कापलाय ते पाहा. शेतात उमटलेल्या त्या मोठ्या वर्तुळांत मक्याची ताटं मोडलेली नाहीत, वाकलेली आहेत, असं बोललं जातं. इंग्लंडमध्ये डग बॉवर आणि डेव्ह चॉर्ली या दोघांनी १९९१ मध्ये फळी आणि दोरी वापरून आपणच अशी वर्तुळं करत आल्याची कबुली दिली होती, पण ती गहू-बार्लीसारख्या मऊ पिकांत. मक्याचं ताट तसं वाकवायला गेलात तर मोडेल. ही साधी शेतीची गोष्ट चित्रपटानं भीतीसाठी वापरली आहे.

जेवणाच्या प्रसंगापासून तळघरातल्या सकाळपर्यंत मध्ये थांबू नका. चहा, फोन, जे काय असेल ते आधी उरका. सोबत लहान मुलं असतील तर रक्त जवळपास नाही, पण एका कुत्र्याला मारावं लागतं (पडद्याबाहेर) आणि आई गाडी आणि झाडाच्या मध्ये अडकून शेवटचं बोलते, हे आधी माहीत असू द्या. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा चित्रपट काही महिन्यांनी पाहा.

आणि सबटायटल लावणार असाल तर फक्त संवादांची निवडा. कर्णबधिरांसाठीची निवडलीत तर ‘छतावर पावलं’ असं आधीच वाचायला मिळतं आणि पावलं नंतर वाजतात.