वस्तीतली मुलं लगेच हातघाईवर येतात, त्यांना भावना सांभाळायला कसं शिकवावं?

तुमच्या वर्गातली आठ-दहा वर्षांची मुलं पेन्सिलीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की खिदळतात, आणि शनिवारचा 'भावनांचा तास' वाया जातो, असं तुम्ही लिहिलंय. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात काम करते. माझं म्हणणं एवढंच, की तो तास नंतर बघू. आधी मोठी माणसं बोलल्याप्रमाणे वागतात, हे मुलांना रोज दिसू दे.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, आईबाप पाच-सहा महिने साखर कारखान्यावर. 'रविवारी येतो' असं फोनवर सांगतात आणि रविवारी उसाची गाडी भरायची निघते. अशा पोराला 'थांब, तुझाही नंबर येईल' हे खरं का वाटावं?

अमेरिकेत सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सांगितलं, जरा थांबा, चांगले रंग आणून देतो. काहींना आणून दिले, काहींना 'नाहीत' म्हणून सांगितलं. स्टिकरच्या बाबतीतही तेच केलं. मग समोर एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवून म्हटलं, मी येईपर्यंत खाल्ला नाही तर दोन मिळतील. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली. बाकीची 3 मिनिटं. संयम दोन्हीकडे असेल, पण फसवलं गेल्यावर कोण कशाला थांबेल?

म्हणून पेन्सिलींचा डबा वर्गाचा ठेवा, सगळ्यांना पुरतील एवढ्या. आल्या आल्या मूठभर फुटाणे-शेंगदाणे द्या. उपाशी पोराशी रागावर काय बोलणार? तुम्ही किंवा तुमचे स्वयंसेवक येणार नसाल तर आधीच्याच वर्गात सांगा. दर महिन्याला नवा ताई-दादा येत असेल, तर तो प्रकार मला मुलांच्या मारामारीपेक्षा वाईट वाटतो.

भांडण पेटलं की 'का मारलंस?' लगेच विचारू नका. त्या क्षणी त्यालाही माहीत नसतं. दोघांना वेगळं करा, आवाज खाली आणा, पाणी द्या, मैदानाला एक चक्कर मारायला लावा. बोलणं त्यानंतर. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड कमी होते हे खरं, पण डोळे मिटायला लावू नका. घरी मार खाणाऱ्या मुलाला डोळे मिटायची भीती वाटू शकते. कबड्डीत दम राखणारी पोरं ही. कोण सगळ्यात हळू श्वास सोडतो अशी पैज लावा, आणि तीही शांत असताना. भांडणात नवं काही शिकता येत नाही.

शांत झाल्यावर 'कसं वाटतंय' ऐवजी 'कुठं होतंय' विचारा. पोटात, घशात, डोक्यात, काहीतरी उत्तर येतं. मग कळतं की वरून राग दिसला तरी आत आईची आठवण आहे, नाहीतर सगळ्यांसमोर वाचता आलं नाही याची लाज. पण गोल बसवून घरचं सांगायला लावू नका. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या वस्तीत होतं, आणि मार त्या पोरालाच बसतो.

'रागावणं वाईट' असंही शिकवू नका. नळावर, रस्त्यावर दबून राहिलं तर काय होतं, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. 'या खोलीत मारायचं नाही' एवढा नियम पुरे, आणि तो तुम्हालाही लागू. चापट मारणाऱ्या शिक्षकाने संयमाचा तास घेऊ नये.

गप्प कोपऱ्यात बसणाऱ्या मुलीकडेही लक्ष असू द्या. ती त्रास देत नाही म्हणून राहून जाते. कुणाच्या अंगावर वळ दिसले किंवा मूल घरी जायलाच घाबरू लागलं, तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. मन फार खचलेलं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरच्यांनी 'जाऊ द्या' म्हटलं तरीही.