वाचकांचे प्रश्न: एका बीप टेस्टवर पोराला टीमबाहेर काढायचं का?

प्रश्न: सर नमस्कार, विजापूर रोडला आमचं छोटं कबड्डी मंडळ आहे. एप्रिलमध्ये दुपारी चारला मातीच्या ग्राउंडवर पोरांची बीप टेस्ट घेतली. आमचा सगळ्यात भारी चढाईपटू सहाव्या लेव्हललाच थांबला, आणि जो कधी मॅच खेळला नाही तो नवव्यापर्यंत गेला. कमिटीतले म्हणतात टेस्टप्रमाणेच टीम काढा. काय करू?
– एक प्रशिक्षक, सोलापूर

उत्तर: दादा, त्या पोराला अजिबात काढू नका, आधी टेस्टच तपासा. बीप टेस्ट म्हणजे बीपच्या आवाजावर 20 मीटरची ये-जा, सुरुवात ताशी 8.5 किलोमीटरने आणि साधारण दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वेग वाढत जातो, तीच पुढची लेव्हल, मध्ये विसावा नाहीच, म्हणजे ती मोजते सलग पळायचा दम. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची, त्यात झटका, वळण, पकडीतून सुटायचा जोर, मग परत येऊन जरा श्वास. दम लागतोच, शेवटच्या पाच मिनिटांत पाय जड होतात तेव्हा कळतं, पण चढाईपटू निवडायचा आणि तो एकट्या दमावर, हे मला पटत नाही. त्यापेक्षा यो-यो टेस्ट घ्या, तीही 20 मीटरचीच पण प्रत्येक ये-जा झाली की विसाव्याला 10 सेकंद मिळतात, आपल्या खेळाच्या जास्त जवळची. जोडीला 10 मीटर स्प्रिंट आणि उभ्या जागेवरून लांब उडी, उडीला तर टेप सोडून काहीच लागत नाही.

आणि एप्रिलमध्ये दुपारी चारला, तेही सोलापुरात! पारा चाळिशीच्या आसपास असतो, अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळतं, ठोके आधीच वाढलेले, मग जी लेव्हल येते त्यात पोराचा दम किती आणि उन्हाचा हिस्सा किती हे कोण सांगणार? सकाळी सहाला घ्या, आदल्या दिवशी जड प्रॅक्टिस नको, आणि पुढच्या वेळीही तीच वेळ, तेच ग्राउंड, तसेच बूट, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. क्रमही पाळा, आधी वजन-उंची, मग चपळाई, उडी, स्प्रिंट, आणि दम काढणारी टेस्ट सगळ्यात शेवटी. स्टॉपवॉच दरवेळी एकाच माणसाच्या हातात द्या, कारण माणूस बदलला की 0.1-0.2 सेकंदाचा फरक सहज पडतो, तेवढ्यावरून शाबासकी नको आणि बोलणीही नको.

सहावी लेव्हल कमीच आहे, ते लपवायचं नाही. सहा-आठ आठवडे त्याच्या दमावर काम करा आणि मग त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघा. आकडे मात्र सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका, चौदा-पंधराची पोरं मनाला फार लावून घेतात.

प्रश्न: मुलगी खो-खो खेळते. शाळेत 12 मिनिटांची कूपर टेस्ट आहे, पण तिला चार दिवसांपूर्वी ताप होता. पळू देऊ का?
– एक आई, होटगी रोड

उत्तर: नाही ताई, आत्ता नको. या टेस्टमध्ये 12 मिनिटांत जमेल तेवढं अंतर जीव तोडून कापायचं असतं, आणि तापातून उठलेल्या अंगाला तो ताण झेपत नाही. सरांना सरळ सांगा, पुढची तारीख मागा, आणि डॉक्टरांनी पळायला हो म्हटल्यावरच पाठवा. पळताना आधी कधी छातीत दुखलं असेल, चक्कर आली असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.