डाख धावत नाही, दोष कुणाचा?

प्रश्न : चांदीच्या अंगठ्या आणि तांब्याची कडी घरीच करतो. बुटेनच्या कॅनवर चालणारी छोटी पेन-टॉर्च आहे. अंगठी पटकन जुळते. कड्याचा सांधा मात्र दहा मिनिटं तापवला तरी नुसता काळा पडतो, डाखाचा (वितळून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा) तुकडा जागचा हलत नाही. ऑक्सिजनचा सेट घ्यावा का? चार-पाच हजार खर्च झेपेल. (सातारा)

ऑक्सिजन नको. तुमच्या ज्योतीचं तापमान पुरेसं आहे, आच (तिच्यातून मिळणारी एकूण उष्णता) अपुरी आहे. बुटेनची ज्योत हजार अंशांच्या बरीच वर जाते आणि चांदीचा डाख साधारण 650 ते 800 अंशांत वितळतो. पण अंगठी तीन-चार ग्रॅमची असते, आणि सहा मिलिमीटर जाडीच्या सळईचं, 20 सेंटिमीटर लांबीचं तांब्याचं कडं भरतं जवळपास 50 ग्रॅम. त्यात तांबं उष्णता वाहून नेण्यात पितळेच्या तिपटीहून सरस. सांध्यावर दिलेली आच कडंभर पसरते आणि हवेत जाते. तोवर टाकणखाराचा (सांधा स्वच्छ ठेवणाऱ्या फ्लक्सचा) जोर संपतो, सांध्यावर काळा थर चढतो. त्या थरावर डाख धावत नाही, मग कितीही तापवा.

आधी फुकटचा उपाय करून पाहा. लाल विटेऐवजी हलकी पांढरी भट्टीची वीट घ्या. लाल वीट स्वतःच आच पिते. एक वीट आडवी, दोन उभ्या, असा कोपरा करून कडं त्यात ठेवलं की निसटणारी आच परत धातूवर येते. पंखा बंद, खिडकी उघडी. ज्योतीच्या आतला निळा सुळका धातूला टेकवू नका, तिथे गॅस अजून पुरता जळालेला नसतो. सर्वांत कडक आच सुळक्याच्या टोकापुढे किंचित अंतरावर असते. सुरुवातीला ज्योत लांबूनच फिरवा. टाकणखाराची आधी लाही होते आणि ती फुगताना डाखाचा तुकडा उडवून लावते. लाही बसून काचेसारखी ओली चकाकी आली, की आधी सगळं कडं तापवा आणि शेवटी सांध्यावर या. डाखावर ज्योत धरली तर त्याचा गोळा होतो. डाख नेहमी जास्त तापलेल्या धातूकडे धावतो, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्याच लालसर हव्यात.

एवढं करून जमलं नाही, किंवा महिन्याला बरीच कडी होत असतील, तर एलपीजीवर चालणारी, हवा स्वतः ओढून घेणारी टॉर्च घ्या. एक हँडल, दोन-तीन बदलती नोजल, दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर, आयएसआय खुणेची रबरी नळी, दोन्ही टोकांना क्लॅम्प आणि पाच किलोचा सिलिंडर. हँडलवर पैसे वाचवले तरी चालतील, रेग्युलेटर आणि नळीवर नाही. रेग्युलेटर तुमच्या सिलिंडरच्या तोंडाला बसतो का, हे दुकानातच पाहा. पेन-टॉर्च विकू नका, अंगठ्यांना तीच बरी.

प्रश्न : एलपीजी टॉर्च आणून स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला त्याच्याच रेग्युलेटरवर जोडली. ज्योत पिवळी, लांबट येते आणि काजळी धरते. टॉर्च खराब आहे का? (कोल्हापूर)

टॉर्च ठीक असावी. शेगडीचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार इतका मऊ दाब देतो. या टॉर्चमध्ये गॅस वेगाने सुटला तरच तो बाजूच्या भोकांतून हवा ओढतो. वेग नाही म्हणून हवा नाही, हवा नाही म्हणून काजळी. शिवाय घरगुती सिलिंडर धंद्याच्या कामाला वापरणं नियमात बसत नाही. पाच किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडेनचा 'छोटू' तोच.

जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात किंवा बंद खोलीत काम नको. सिलिंडर उभाच ठेवायचा, नाहीतर नळीत द्रव उतरतो. मोठं नोजल बराच वेळ चालवलं की सिलिंडर गार पडून बाहेरून घाम धरतो आणि ज्योत बसते. तेव्हा थांबा, त्याला तापवू नका. ज्योत नोजलच्या आत शिरून शिट्टीसारखा आवाज आला, तर लगेच गॅस बंद करा, नोजल निवू द्या आणि दाब थोडा वाढवून पुन्हा पेटवा. काम संपल्यावर आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मग टॉर्चचा कॉक फिरवा.

प्रश्न : फ्रिज दुरुस्तीवाल्याकडच्या डाखाच्या कांडीने तांबं छान जुळलं, लोखंडाचा हुक मात्र दुसऱ्या दिवशी तुटला. (नाशिक)

ती तांबं-फॉस्फरसची कांडी. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसच फ्लक्सचं काम करतो, म्हणून वेगळा टाकणखारही लागत नाही. पितळेला मात्र लागतो. लोखंडाशी फॉस्फरसचा ठिसूळ थर बनतो आणि सांधा तिथेच तडकतो. हुकासाठी चांदीची कांडी आणि तिचा फ्लक्स वापरा. घेताना वेष्टनावर 'कॅडमियम-विरहित' लिहिलंय का पाहा. स्वस्त कांड्यांत कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर फुप्फुसांना फार घातक. हुक जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर तापवण्याआधी सांध्याजवळचा मुलामा कानशीने पूर्ण घासून काढा.