तेच फोटो पुन्हा पुन्हा का उतरतात?

प्रश्न : आमच्या साड्यांच्या दुकानाचं अँड्रॉइड अ‍ॅप मीच लिहिलंय. दरवेळी तेच फोटो परत डाउनलोड होतात, गिऱ्हाईक वैतागतं. डेटाबेस टाकू का?

उत्तर : फोटोंसाठी डेटाबेस कशाला? ‘डिस्क-एलआरयू-कॅशे’ घ्या, म्हणजे उतरलेले फोटो फोनवरच साठवून ठेवणारा तयार कोड. 50 एमबीची मर्यादा घाला; ती ओलांडली की बरेच दिवस न पाहिलेले फोटो तो आपणहून काढतो. मला त्याची ‘जर्नल’ फाइल, म्हणजे कुठल्या फोटोचं काय झालं याची नोंदवही, फार आवडते. साधा मजकूर: लिहायला घेतलं की ‘डर्टी’, नीट उतरलं की ‘क्लीन’. मध्येच अ‍ॅप कोसळलं तर एकटी उरलेली ‘डर्टी’ नोंद पुढच्या वेळी सापडते आणि अर्धवट फाइल पुसली जाते. किल्ली (फोटो ज्या नावानं साठवतो ते) म्हणून ‘पैठणी’ असं देवनागरीत चालणार नाही. फोटोच्या यूआरएलचा हॅश, म्हणजे त्या पत्त्यापासून काढलेला इंग्रजी अक्षर-आकड्यांचा संकेत, द्या. आणि कॅशेच्या फोल्डरात ऑर्डरी अजिबात ठेवू नका. जागा कमी पडली की अँड्रॉइड तिथल्या फाइली न विचारता उडवतं.